खांबावरची रेघ

सुफला बेंगळुरूला परत जाताना जुना लॅपटॉप ठेवून गेली.
म्हणाली, काका, नुसते धक्क्यावर काय बसता,
इथे फिरा.

आधी शरीर विचारलं.
खांदे, नाक, पोट, प्रत्येकाला एकेक सरकपट्टी.
पोट शून्यावर नेलं आणि खोलीत कोणी नसताना लाजलो,
मग थोडं परत आणलं, ओळखीपुरतं.
नाव लिहिलं गोकुळदास. आडनाव नको होतं त्यांना.
एकतीस वर्षं फेरीबोटीच्या हजेरीपटावर
मी आडनावानेच होतो.

पहिल्या रात्री एका भिंतीत चालत राहिलो.
दुसऱ्या रात्री कुणी फुकट दिलेली पेटी
उघडायच्या ऐवजी डोक्यावर चढली,
ती घालूनच बाजारभर हिंडलो.
कोणी हसलं नाही.
पंखवाल्या बायका होत्या, एक बाप्या कमरेपर्यंत धूर होता,
तिथे पेटीचं काय मोठं!

सगळे उडतात.
सूर्य हवा तिथे टांगता येतो.
मी तो चारला लावला,
दुसऱ्या पाळीच्या वेळेवर.

मग समुद्र सापडला.
उतरत गेलो. पाणी गुडघ्याला, छातीला, डोळ्यांवर,
आणि तळाशी चालत राहिलो, दम न लागता,
सदरा कोरडा.
दिवाडीच्या माणसाला यात मजा वाटू नये.
वाटली.
मग मांडवीने घेतलेले दोघे आठवले आणि वर आलो.

वर धक्का. लाकडी, नवाकोरा.
सवयीने खांब पाहिला.
रेघ नाही.
कालवं नाहीत, शेवाळ नाही,
ओल कुठवर चढते ते सांगणारं काहीच नाही.
पाणी एकाच उंचीवर हलत होतं,
शाळेतल्या कवायतीत पोरं
जागच्या जागी पाय आपटतात तसं.

टोकाला एक कोल्हा बसला होता.
अंगात कोट, शेपटी नीट मांडीवर घेतलेली.
बोआ नोइत, मी लिहिलं. का, कोण जाणे.
त्याचं उत्तर आलं लांबलचक,
त्यातलं ब्राझील कळलं, आणि तिकडे दुपार आहे एवढं.
वडिलांनी माझ्यासाठी पोर्तुगीज ठेवलं ते इतकंच:
कागद, दंड, गप्प बस, शुभ रात्री,
पाणी, वर, खाली.
भरतीला काय म्हणतात ते नाही.
एका बोटाने लिहिलं: पाणी वर. पाणी खाली. इथे नाही.

तो बराच वेळ गप्प.
मग: कशाला हवं?

काय सांगणार.
ओहोटीला फळी शेवाळावर टेकते,
तेव्हा स्कूटरवालीला घाई करू द्यायची नाही.
ओढ असली की बोट वरच्या अंगाला धरायची,
मग ती आपण होऊन धक्क्याला येते,
गोठ्याकडे गाय यावी तशी.
आणि घड्याळ बंद पडलं तरी खांब बघून सांगता येतं
घरी जेवायला किती उशीर.
हे एका बोटाने लिहायचं, तेही कुठल्या भाषेत?
मी नुसतंच लिहिलं: शुभ रात्री.
बाहेर पोदेराचा भोंगा वाजत होता.

चार दिवस जाणं झालं नाही. आधी वीज, मग पाठ.
पाचव्या रात्री गेलो, आता दारातून,
भिंतीतून नाही.
कोल्हा नव्हता.
खांबावर रेघ होती.
हिरवी, हाताने ओढलेली, जराशी तिरकी,
पाण्यापासून दोन हात वर.

फार वर आहे ती.
इतकं चढलं तर आमच्याकडे बांध फुटेल,
भातात मासे येतील.
पण अमावास्येची धरली
तर चालून जाईल.

मी सूर्य काढून टाकला.
चंद्रही काढला.
आणि पाय खाली सोडून बसलो.